चव पाहिली, चांगली आहे

सात वर्षं मी रोज दुपारी साडेबाराला एक खोटं वाक्य लिहीत होतो आणि खाली दस्तखत करत होतो. तेलुगूत लिहायचो, कारण वही तेलुगूत असते: रुची चूशानु, बागुंदी. म्हणजे, चव पाहिली, चांगली आहे. सरकारी शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायच्या आधी एका मास्तरनं ते चाखायचं, वहीत तसं लिहायचं, वेळ टाकायची, मग वाढप सुरू. नियम चांगला आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. ठेवायचीच तर मला जेवणाचा इनचार्ज ज्यानं केलं त्याला ठेवावी, पण त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत? अख्ख्या मंडलात, म्हणजे आमच्या इकडच्या तालुक्यात, एकच मास्तर असा, ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि उतरला तर आत राहत नव्हता. आणि चाखायची वही नेमकी त्याच्याच टेबलावर!

शाळा तेलंगणात, भीमपूरच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या अंगाला, पण मराठी माध्यमाची. चाळीसेक पोरं, मी आणि हेडमास्तरीण मॅडम. मॅडम तेलुगू, पण आमच्यात राहून राहून आता मराठीत रागावतात. गावाचं नाव सांगत नाही. माझंही सांगणार नाही, कारण जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही लाज वाटते, आणि वाटते तर वाटते.

लहानपणी मी जाड होतो. आमचं घर कास्तकाराचं, कुणब्याचं, खाण्यापिण्याला तोटा नाही. बैलगाडीत बसलो की पोट्टे ओरडायचे, "अबे ढोल्या, उतर, बैल मरन!" मी उतरायचो आणि गाडीमागं पायी चालायचो. विसाव्या वर्षी पोलीस भरतीचं खूळ आलं. गावातली सगळी पोरं सकाळी रस्त्यावर धावायची, मीही धावायला लागलो. पळता येईना, म्हणून जेवण कमी केलं. मग आणखी कमी. मग ते कमी करण्यातच मजा यायला लागली. भरती काही झाली नाही, पण एका लग्नात मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "वा रे पठ्ठ्या, काय उतरला हा!" आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वा म्हटलं होतं. त्या एका 'वा'पायी मी अठरा वर्षं घालवली, आता बोला.

उपाशी जनावर एक दिवस खुंटा उपटतंच. घरात कोणी नसलं की मी स्वयंपाकघरात उभ्यानं खायचो. शिळ्या भाकरी, गूळ, कच्चं बेसन, डब्यातलं, शिंक्यातलं, जे हाताला लागेल ते. चव कशाची कळते तेव्हा! डोळे मिटून नुसतं भरत राहायचं. मग पोटात आग आणि डोक्यात एकच गोष्ट, की हे सगळं बाहेर निघालं पाहिजे. ते काढायचो. मग तोंड धुऊन शपथ घ्यायचो की आता हे शेवटचं. त्या शपथेवर दोन दिवस काहीच खायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्यात मधलं काही उरलंच नव्हतं. एक तर काहीच नाही, नाहीतर सगळं.

असा काही आजार असतो हे मला फोनवर वाचून कळलं, एका सरकारी प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसून. जिथं पाहावं तिथं पोरींचे फोटो. गोऱ्या, शहरातल्या, खिडकीपाशी बसलेल्या पोरी. मी मिशीवाला, एका लेकीचा बाप, मंडलाच्या क्रिकेट सामन्यांचा अंपायर. मी फोन खिशात टाकला आणि स्वतःलाच म्हटलं, चल बे, हे तुझं नाही. दोन वर्षं पुन्हा ते वाचलं नाही.

घर तलमडुगूला. बायकोला वाटायचं पित्त आहे. तिनं काय काय नाही केलं बाप्पा! जिरं भिजवलं, कोकम आणलं, कोणी सांगितली ती मुळी उगाळून पाजली. मी सगळं मुकाट पीत होतो, कारण पित्त हा शब्द माझ्या फार कामाचा होता. पंगतीत बसलो की पित्त, पाहुण्याकडं गेलो की पित्त. फक्त सासुरवाडीला चालायचं नाही. नार्नूरकडं जावयाला पित्त नसते. तिथं सासू ताटापुढं बसून पुरणपोळीवर तूप सोडायची आणि म्हणायची, "घ्या ना जावईबापू, एक घ्या, मायी शपथ हाये." मी घ्यायचो. चार घ्यायचो, पाच घ्यायचो, साऱ्यांना वाटायचं जावई खूश. मग शेत पाहून येतो म्हणून निघायचो आणि तुरीच्या ओळींत जाऊन बसायचो. एकदा सासरा मागून आला. "जावईबापू, तुमाले शेतीची लयच आवड दिसते," म्हणाला. मी तुरीच्या शेंगा पाहत बसलो.

डबा बायको रोज द्यायची. दोन भाकरी, भाजी, ठेचा. शाळेच्या वाटेवर एक छोटा पूल आहे, तिथं तीन कुत्री असायची. डबा त्यांना. वर्षानुवर्षं त्यांना. एका रविवारी बायकोला गाडीवर बसवून त्याच रस्त्यानं कुठंसं निघालो होतो. पूल आला आणि तिन्ही कुत्री शेपट्या हलवत, कूं कूं करत गाडीमागं लागली. एक तर पुढं येऊन डिक्कीलाच नाक लावायला लागलं.

"अवो, हे कुत्रे काऊन तुमच्या मागं लागून राह्यले?" तिनं विचारलं.

"मास्तर आहे ना मी. सगळे ओळखतात," मी म्हणालो आणि हसलो.

ती हसली नाही. डिक्की माझी, वास तिच्या भाकरीचा, तिला कळायला काय वेळ लागतो? पण त्यानंतर डबा देताना माझ्याकडं पाहायची बंद झाली. डबा मात्र रोज दिला. मी पुलावर थांबायचो तेव्हा आता कुत्र्यांचीही लाज वाटायची.

आता आक्का. शाळेत स्वयंपाक करायची ती. गावातल्या बौद्ध वस्तीतली, पन्नाशीची, आवाज असा की हाक मारली तर शिवारात ऐकू जाईल. तिच्या हातात काय होतं कोण जाणे. सरकारी तांदूळ, सरकारी डाळ, त्यात ती लसणाची फोडणी घालायची आणि वर्गात गणितं करणारी पोरं माना वर करायची. मीही करायचो. भूक तर मला होतीच ना! लोकांना वाटते की असल्या माणसाला भूक लागत नाही. अरे, भुकेशिवाय दुसरं काही नव्हतंच माझ्याजवळ. सकाळी साडेदहापासून मी त्या फोडणीचा वास घेत बसायचो, आणि त्या वासाला भ्यायचो.

तिला काम लागलं त्या पहिल्याच महिन्यात एक पालक शाळेत आला. म्हणाला, "ते बाई पळी जिभीले लावते सर. आमच्या पोराईले उष्टं खाऊ घालते." खरं दुखणं काय ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या घरी तुमची बायको काय नाकानं चव पाहते का?" तो गेला, पण दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. मग मी, मोठा शहाणा, एक तोड काढली. सगळ्यांसमोर आक्काला म्हटलं, "आक्का, आजपासून तुम्ही चाखू नका. पहिला घास मी खाणार, तुमच्या हातचा, या लोकांसमोर. मग पाहू कोण काय बोलते." कुणब्याच्या घरचा मास्तर पहिला घास खातो म्हटल्यावर तिघांचीही तोंडं बंद झाली. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्या दिवसापासून पळी जिभेला लावली नाही.

वस्तीत ही गोष्ट पसरली. त्या वर्षी जयंतीला मला बोलावलं. शाळा समितीचे अध्यक्ष, वस्तीतलेच म्हातारे बाबा, त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माईकवर म्हणाले की हे सर आमच्या आक्काच्या हातचं पयले खातात. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभा होतो. शाल अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिल्या दिवशी मी खरंच खाल्लं होतं. सगळ्यांसमोर एक घास घेतला. तो एकावर थांबला नाही. वाटी संपवली, आत जाऊन दुसरी घेतली, तिसरी घेतली. आक्का खूश, "घ्या सर, घ्या." मग शाळेमागं जाऊन सगळं ओकलो. त्या दिवशी ठरवलं की आता जीभसुद्धा लावायची नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटी घेऊन मी मागच्या वऱ्हांड्यात जायचो. तिथं कडुनिंब आहे. वाटी त्याच्या मुळाशी उलटी करायची, तोंड पुसत पुढं यायचं, "मस्त झालं आक्का!" म्हणायचं, वही उघडायची. सात वर्षांत तो कडुनिंब माझ्यापेक्षा चांगला पोसला.

एका मंगळवारी सांबारात लौकी होती, म्हणजे दुधी भोपळा. कोणाच्या तरी गोठ्यावर वेल चढला होता, त्यांनी चार लौक्या शाळेला दिल्या. मॅडम मिटिंगला गेल्या होत्या. मी वाटी घेतली, कडुनिंबाला दिली, मस्त झालं म्हटलं आणि वहीत लिहिलं. पोरं ओळीत बसली. दोन मिनिटं झाली असतील, चौथीतली एक पोरगी, माझी सगळ्यात हुशार पोरगी, म्हणाली, "सर, कडू लागून राह्यलं."

"जिभेचे चोचले नकोत," मी म्हणालो. "गुपचूप खा."

"खरंच कडू हाये सर."

आता माझी एक खोड सांगतो. ताटात टाकलेलं अन्न मला पाहवत नाही. माझ्या अंगाची लाही होते. स्वतः रोज दोन भाकरी कुत्र्यांना घालणारा मी, पोरांच्या ताटात शीत राहिलं तर उभं करायचो. त्या दिवशीही छडी हातात घेऊन ओळींतून फिरलो. "ताट चाटून साफ झालं पाहिजे. अन्न टाकणारा मला वर्गात नको." जी पोरं बेरकी होती त्यांनी माझी पाठ फिरल्यावर सांबार भिंतीमागं ओतलं. जी माझं ऐकणारी होती त्यांनी नाक दाबून खाल्लं. त्या पोरीनं माझ्याकडं पाहत पाहत ताट साफ केलं.

तासाभरात एकापाठोपाठ एक पोरं ओकायला लागली. अकरा पोरं. ऐकणारी अकरा. तो आवाज मला इतका ओळखीचा होता की पहिल्यांदा वाटलं तो माझाच आहे. मी त्या पोरीचं कपाळ धरून बसलो. तिचं अंग थरथरत होतं, आणि ती मधूनच म्हणत होती, "सर, मी ताट साफ केलं ना?" आक्का धावत आली, भगोन्यात बोट बुडवून जिभेला लावलं, थू करून थुंकली. "जहर हाये हे! सर, हे तं जहर हाये!" आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

गाड्या करून पोरांना सरकारी दवाखान्यात नेलं. सलाइन लागली, संध्याकाळपर्यंत सगळी बोलायला लागली, दुसऱ्या दिवशी घरी आली. देवाची कृपा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. डॉक्टर म्हणाले, "लौकी कधी कधी अशी कडू निघते, फार कडू. ती खाऊ नये. पण एक घास चाखला असता तरी कळलं असतं मास्तर." मी म्हटलं, हो.

दोन दिवसांनी तहकीकात. मंडलाचे शिक्षण अधिकारी आले, माझ्या खुर्चीवर बसले, पुढं वही. मॅडम एका बाजूला, समितीचे बाबा दुसऱ्या बाजूला. आक्का दारापाशी उभी. तिला बस म्हटलं तरी बसेना. साहेब हिंदीत बोलत होते. वहीतल्या माझ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मास्टरजी, ये आपका दस्तखत है? आपने चखा था?"

मी खरं सांगितलं असतं की चाखलं नाही, तर पुढचा प्रश्न होता, का नाही. आणि त्या गावात, आक्काच्या हातचं कुणब्याच्या मास्तरनं का खाल्लं नाही, याचं उत्तर कोणी मला विचारायलाच येणार नव्हतं. ते उत्तर सगळ्यांना तयार मिळणार होतं. ते खोटं पाडायचं तर एकच रस्ता, खरा आजार सांगायचा. तो तर मी बायकोलाही सांगितला नव्हता. आणि काहीच नाही सांगितलं तर आक्काचं काम जाणार.

"चखा था साब," मी म्हणालो. "अच्छा था."

साहेबांनी पेन काढलं. म्हणाले, मग मास्तरांनी चाखल्यावर भगोन्यात काहीतरी पडलं किंवा कोणी टाकलं. बाईंचं काम बंद करतो, दुसऱ्या बचत गटाला देतो. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "करून टाका सर दस्तखत. विषय संपला."

तेव्हा आक्का बोलली. मला वाटलं माझ्यावर ओरडेल. तिनं ओरडायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "सायेब, सरायची काई चूक नाई. चार लौक्या होत्या. सरायच्या वाटीत चांगली फोड गेली असन. चूक मायी हाये. लौकी चिरताना तुकडा जिभीले लावून पाहाले पायजे होता. मी नाई पाह्यला."

काऊन नाही पाहिला? कोणी सांगितलं होतं तिला, चाखू नको म्हणून? ती ते बोलली नाही. ती मला वाचवत होती, आणि मी तिचं काम घालवायच्या कागदावर दस्तखत करायला पेन शोधत होतो. हलकट माणूस आहे मी, पण इतकाही नाही.

"मी चाखलं नव्हतं," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, कारण ते तिला सांगायचं होतं. "त्या दिवशी नाही, सात वर्षांत नाही. पहिला एक दिवस सोडला तर कधीच नाही. मी वाटी कडुनिंबाला ओतत होतो. आणि आक्कानं चाखू नये हे मीच सांगितलं होतं."

मग समितीचे बाबा, ज्यांनी शाल टाकली होती ते, अगदी हळू म्हणाले, "शाल घेतली सर तुमी. घास नाई घेतला?"

"तसं नाही बाबा."

"मंग कसं?"

आक्का दाराची चौकट धरून उभी होती. "काऊन सर?" एवढंच म्हणाली.

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. मला जेवता येत नाही म्हणालो. साहेब म्हणाले, शुगर है? नाही. अल्सर? नाही. उपास? नाही साब. मी एक तर खात नाही, नाहीतर चोरून खूप खातो आणि ओकतो. विसाव्या वर्षापासून. घरचंही खात नाही, बायकोच्या भाकरी कुत्र्यांना घालतो, पाहिजे तर पुलावर चला, कुत्री साक्ष देतील. मॅडमनी तोंडावर पदर धरला. साहेब माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत होते, असं काही माणसाला होते का, असं. कागदावर काय लिहावं त्यांना सुचेना. शेवटी लिहिलं की प्रकृती ठीक नसल्यामुळं मास्तरांना चव पाहता आली नाही. बाईंचं काम राहिलं. मला मेमो मिळाला. माझ्या पदरात पडला तो बरोबरच पडला.

घरी गेलो आणि बायकोला तेच पुन्हा सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "मले वाटे तुमाले माया हातचं आवडत नाई. मी तं इतके वर्सं पिठाले दोष देत होती." आणि रडली. मी तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली. पुढच्या आठवड्यात ती मला आदिलाबादला घेऊन गेली, मनाच्या डॉक्टरकडं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पुरुषही येतात असे, फक्त फार उशिरा येतात. हळूहळू जायचं म्हणाले, एकेक घास. औषध चालू आहे. सुटलो असं मी म्हणत नाही. अजूनही कोणी ताट वाढलं की माझी नजर आधी दार शोधते.

आक्का माझ्याशी बोलेना. वाटी मॅडमना द्यायची. मॅडम चाखायच्या, लिहायच्या. आणि आक्का आता सगळ्यांसमोर, ओट्यावर उभी राहून, पळीतलं तळहातावर घ्यायची आणि स्वतः चाखायची. कोणी उष्टं म्हटलं नाही. म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, "पोट दुखते म्हनले असते सर एक डाव, तं मी तुमाले पेज करून दिली असती. मले अजून नाई समजलं, आजार होता का काय होतं." मी परत वर्गात आलो.

तीनेक आठवड्यांनी, साडेबाराला, तिनं वाटी माझ्यापुढं आणून ठेवली. वरण-भात, वर लसणाची फोडणी. पोरं ओळीत बसलेली, ती चौथीतली पोरगी पुढंच. आक्कानं मागच्या वऱ्हांड्याचं दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खालीच बसली.

"सगळं नोका खाऊ," ती म्हणाली. "सगळं टाकूबी नोका. एक घास. मी हितंच बसली हाये."

पुढं चाळीस पोरं, मागं आक्का आणि बंद दार. कुठं जाता? घास उचलला. हात तोंडापाशी थांबला, डोक्यात सगळं नेहमीचं सुरू झालं, थांब, पळ, सगळं खा, काहीच खाऊ नको. पोरगी माझ्या वाटीकडं पाहत होती, जसं मी तिच्या ताटाकडं पाहिलं होतं. मी घास घातला, चावला, गिळला. आणि वाटी खाली ठेवली.

"कसं झालं?" आक्कानं विचारलं.

सात वर्षांचं 'मस्त झालं आक्का' ओठावर आलंच होतं. ते मी थांबवलं आणि जिभेवर काय राहिलं आहे ते पहिल्यांदा पाहिलं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडं पाहत राहिली. उठली, पळीतलं तळहातावर घेतलं, चाखलं.

"हाव," ती म्हणाली. "कमीच हाये." आणि मीठ आणायला आत गेली.

मी वही ओढली आणि लिहिलं: चव पाहिली, मीठ कमी. वेळ टाकली, दस्तखत केलं. घास अजून पोटात होता.